बदकासाठी भिंग

बिल्डिंगमधली लहानथोर सगळी त्यांना भिंगकाका म्हणायची. एकेचाळीस वर्षं त्यांनी भिंगांच्या कारखान्यात काचा घासल्या होत्या. कॅमेऱ्यांची भिंगं, सूक्ष्मदर्शकांची भिंगं, नाट्यगृहांतल्या मोठाल्या दिव्यांची भिंगं. त्यांच्या हातून गेलेली काच खोट काढून परत आली, असं कधी झालं नव्हतं. मग साच्यातून प्लास्टिकची भिंगं भसाभस काढणारी यंत्रं आली, हातपॉलिशचा विभाग गुंडाळला गेला, आणि निवृत्तीला दोन वर्षं उरली असताना काकांना तीन भाषणं ऐकवून घरी पाठवण्यात आलं.

त्याला आता सहा वर्षं होत आली होती. या सहा वर्षांत त्यांनी भिंगाला हात लावला नव्हता. कुणी कारखान्याचा विषय काढला की ते उठायचे, झारी उचलायचे आणि बाल्कनीतल्या कुंड्यांना पाणी घालायला जायचे. विषय वरचेवर निघायचा, त्यामुळे दोन झाडं मुळाशी कुजून गेली होती.

आणि त्यांची एकुलती एक लेक नेमकी दिव्यांच्याच धंद्यात पडली होती. संग्रहालयं आणि प्रदर्शनं यांची प्रकाशयोजना करणं हे तिचं काम. कुठल्या वस्तूवर उजेड कुठून यावा, किती यावा, झोत किती रुंद असावा, हे सगळं ती ठरवायची. तिच्या दिव्यांत अर्थातच प्लास्टिकची भिंगं असायची. काका तिला ‘आमची दिवटी’ म्हणत. लोक हा शब्द वाया गेलेल्या पोरांसाठी वापरतात, पण काकांच्या तोंडी तो इतका लाडाचा होता की तिच्या ऑफिसातलेही तिला त्याच नावाने हाक मारू लागले होते.

एका सोमवारी सकाळी दिवटी आईबाबांच्या घरी आली ती चपला न काढताच स्वयंपाकघरात.

“बाबा, हाताने एक भिंग करायला किती दिवस लागतात?”

काका खुर्चीतून उठले आणि झारीकडे वळले.

“झाडांना मी पाणी घातलंय,” आई ओट्यापासून म्हणाली. “बसा खाली. आणि तू आधी चपला काढ.”

काका बसले. दिवटीने चपला काढल्या आणि टेबलावर एक फोटो ठेवला. फोटोत एक लाकडी बदक होतं. हातभर लांब, मान किंचित वळवलेलं, अंगावर बारीक बारीक पिसं.

“तीनशे बारा पिसं आहेत. प्रत्येक वेगळं कोरलंय आणि मग बसवलंय,” ती म्हणाली. “एका सुताराने केलंय. आयुष्यभर त्याने लोकांच्या दारंखिडक्या केल्या आणि उरलेल्या वेळात अकरा वर्षं हे एक बदक. शनिवारी प्रदर्शनाचं उद्घाटन आहे आणि अख्ख्या प्रदर्शनाचा मान या बदकाला आहे.”

“मग?”

“मग काय, ते दिसतच नाहीये.”

तिने अडचण सांगितली. प्रदर्शन एका जुन्या मालगोदामात होतं. इमारत वारसा म्हणून जपलेली, त्यामुळे भिंतीला साधा खिळाही ठोकायची बंदी. दिवे लावायचे तर छताखालच्या एकाच लोखंडी रुळावर, आणि तो रूळ बदकापासून पस्तीस फूट लांब. प्रदर्शनाच्या संचालिकाबाईंना हवं होतं ते असं की मोठ्या अंधाऱ्या दालनात फक्त बदक उजळलेलं असावं, दुसरं काही नाही. पण दिवटीकडच्या दिव्यांचा झोत कितीही आवळला तरी पस्तीस फुटांवर त्याचं सात फुटांचं वर्तुळ व्हायचं. चौथरा उजळायचा, फरशी उजळायची, मागची भिंत उजळायची, आणि मध्ये बिचारं बदक उन्हात सुकत टाकल्यासारखं दिसायचं. अरुंद झोताचं खास भिंग तिने मागवलं होतं. ते वाटेत फुटलं. दुसरं यायला तीन आठवडे.

“मला दोन फुटांचं वर्तुळ हवंय, बाबा. वीतभरही जास्त नको.”

काका फोटोकडे बघत होते. “दिव्यातली चिप केवढी आहे?”

“नऊ मिलिमीटर.”

काकांनी डोळे मिटले. ओठ जरासे हलले. “म्हणजे चिपपासून पंधरा सेंटिमीटरवर बसणारं भिंग हवं. तळहाताएवढं. मागून सपाट, पुढून फुगीर.” मग डोळे उघडून ते जरा रागानेच म्हणाले, “एवढा सगळा आटापिटा बदकासाठी?”

“बदकासाठी.”

काका उठून आतल्या खोलीत गेले. आई आणि लेक एकमेकींकडे बघत राहिल्या. आतून पलंगाखालची पेटी ओढल्याचा आवाज आला, मग बराच वेळ खुडबूड, मग एक शिंक. काका बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात जुन्या स्वेटरमध्ये गुंडाळलेलं काहीतरी जड होतं. स्वेटर उलगडला तर आत काचेचा एक ओबडधोबड, धुरकट गोळा. एका बाजूने सपाट, एका बाजूने फुगीर.

“विभाग बंद झाला तेव्हा मुकादमाने उरलेला कच्चा माल आम्हाला वाटून टाकला,” ते म्हणाले. “हा माझ्या वाट्याला आला.”

“हा तुम्ही सहा वर्षं माझ्या पलंगाखाली ठेवलात?” आईने विचारलं. “आणि मला सांगितलंत की पेटीत जुने कागद आहेत!”

“कागदही आहेत,” काका म्हणाले.

जेवणाच्या टेबलावरचं मेणकापड निघालं. पेटीतून एक खोलगट लोखंडी वाटी आली, सपाट बाजूसाठी काचेची तबकडी आली, कुरुंदाच्या पुडीचे पाच डबे आले, राळेचा खडा आला. काकांनी राळ गॅसवर पातळ केली, त्या राळेने काच एका लाकडी मुठीला चिकटवली, आणि घरभर देवदाराच्या जंगलासारखा वास सुटला. दिवटी लहान असताना हाच वास बाबांच्या शर्टाला यायचा. ती आपल्या कामाला जायला निघाली होती, पण उगाच पाच मिनिटं दारात रेंगाळली.

मग स्वयंपाकघराचा ताबा काकांकडे गेला. वाटीत पूड आणि पाणी घालून काच त्यात फिरवायची. पुढे, मागे, जरा वळवून पुन्हा पुढे, मागे. आधी रवाळ पूड, मग तिच्याहून बारीक, मग त्याहून बारीक. प्रत्येक वेळी पूड बदलताना वाटी, काच, हात, टेबल, सगळं धुऊन लख्ख करायचं, कारण आधीच्या पुडीचा एक कण जरी मागे राहिला तरी काचेवर चरा पडणार आणि सगळं पहिल्यापासून. म्हणून काकांनी घरात फर्मान काढलं. केर काढायचा नाही. पीठ मळायचं नाही. पंखा लावायचा नाही.

“श्वास घेतला तर चालेल?” आईने विचारलं.

“हळू घे,” काका गंभीरपणे म्हणाले.

पहिल्या दिवशी आई चिडचिड करत होती. जेवायचं टेबल गेल्यामुळे ताटं मांडीवर घ्यावी लागत होती आणि सिंकमध्ये राखाडी चिखल साचला होता. दुसऱ्या दिवशी काकांनी तिला बोलावलं. “अगं, जरा इकडे ये. माझे फेरे मोजशील? मी मोजत बसलो की हाताकडचं लक्ष उडतं.” आई हात पुसत येऊन बसली आणि मोजू लागली. तीनशेपर्यंत तिने नुसते आकडे मोजले. मग ती कंटाळून आकड्यांना चाल लावून म्हणू लागली. आणि मग काकांचा हात त्या चालीवर चालू लागला.

मंगळवारी संध्याकाळी दिवटीचा फोन आला तेव्हा आईने तो खांद्याने कानाशी धरला. “नंतर बोलते, आत्ता आम्ही चौदाशेवर आहोत,” असं म्हणून ठेवलाही.

बुधवारी दुपारी दिवटी जातीने बघायला आली. टेबलावर आता राळ थापून केलेल्या उशीवर पॉलिश चाललं होतं. उशीवर तांबूस पुडीचं पाणी आणि त्यावर सावकाश फिरणारी काच. काकांची नखं तांबूस झाली होती, बाह्या तांबूस झाल्या होत्या, आणि आईच्या कपाळावरही एक तांबूस बोट उमटलं होतं. धुरकट गोळ्याची आता काच झाली होती. टेबलावर ठेवली तर तिच्यावर उजेड पडला आहे एवढंच कळत होतं. ती स्वतः दिसत नव्हती.

“झालं की!” दिवटी म्हणाली.

“कुठे झालं?” काकांनी काच कानाजवळ नेली, जणू ती काही सांगणार होती, मग खिडकीसमोर तिरकी धरली. “कडेला अजून धुकं आहे.”

“बाबा, हा दिवा आहे. दुर्बीण नाही. एवढी सफाई लागत नाही याला.”

काकांनी तिच्याकडे असं पाहिलं की ती चहा टाकायला उठली.

गुरुवारी सकाळी काकांनी काच मुठीवरून सोडवली, धुतली, मऊ फडक्याने पुसली आणि खिडकीसमोर धरली. समोरच्या भिंतीवर, कॅलेंडरच्या शेजारी, एक छोटं रंगीत चित्र उमटलं. पलीकडच्या इमारतीची गच्ची, दोरीवर वाळत घातलेले कपडे, सगळं उलटं. वाऱ्याने कपडे हलत होते ते भिंतीवरही हलत होते. पलीकडची शेजारीण गच्चीत आली आणि चित्रात डोकं खाली, पाय वर करून चादर झटकू लागली.

“अय्या!” आई म्हणाली. लग्नाला छत्तीस वर्षं झाली होती आणि नवरा नेमकं काय करतो हे तिने आज पहिल्यांदा पाहिलं. “अहो, तिच्या परकराची किनारसुद्धा दिसतेय!”

“तू किनार बघू नकोस,” काका म्हणाले. पण त्यांचा चेहरा असा फुलला होता की आईने चित्राकडे बघायचं सोडून त्यांच्याकडेच पाहिलं.

शुक्रवारी सकाळी दिवटी भिंग घेऊन गोदामात गेली. तिच्याबरोबर काम करणारा फिटर भलताच उंच होता. सगळे त्याला जिराफ म्हणत आणि त्याची त्याला काही तक्रार नव्हती. तो शिडीवर चढला, रुळावरच्या दिव्याची पुढची नळी काढून त्याने तिच्यात काकांचं भिंग बसवलं आणि नळी पुन्हा चढवली. ही नळी फिरवली की भिंग पुढेमागे सरकायचं आणि झोत लहानमोठा व्हायचा. दालनातले बाकीचे दिवे मालवले. जिराफाने बटण दाबलं आणि नळी हळूहळू फिरवली.

झोत आवळत आवळत आला. सहा फूट, चार फूट, तीन फूट. दोन फुटांवर तो थांबला. कडा सुरीने कापल्यासारखी. चौथऱ्याच्या बाहेर एक कवडसा नाही. आणि वर्तुळाच्या मध्ये बदक, आणि बदकाच्या अंगभर पिवळे ठिपके.

“हे काय झालंय?” संचालिकाबाई म्हणाल्या. त्या ठेंगण्या, घाईच्या आणि मोकळ्या स्वभावाच्या होत्या. “बदकाला गोवर आलाय का?”

दिवटीने वर दिव्याकडे पाहिलं. तिला लगेच कळलं. दिव्यातल्या चिपवर उजेडाचे बारीक ठिपके ओळीने बसवलेले असतात. साध्या भिंगातून ते एकमेकांत मिसळून जातात आणि एकसारखा उजेड पडतो. पण बाबांनी भिंग इतकं निर्मळ केलं होतं की पस्तीस फुटांवर चिपचं चित्रच्या चित्र उमटलं होतं. स्वयंपाकघराच्या भिंतीवर जशी ती गच्ची उमटली, तसं.

जिराफाने नळी जरा पुढे घेतली. ठिपके पुसट झाले, पण वर्तुळ फुगून चार फुटांचं झालं आणि भोवती निळसर कंगोरा आला. मागे घेतली तर आणखी वाईट.

“त्या भिंगाची मागची बाजू थोडी धुरकट करावी लागेल,” दिवटी म्हणाली. “अगदी थोडी. मग ठिपके मिसळतील.”

“मग करा की,” संचालिकाबाई म्हणाल्या.

“तुम्ही माझ्या वडिलांना ओळखत नाही.”

तिने घरी फोन लावला. शब्द जुळवत, अडखळत तिने सगळं सांगितलं. मग काका म्हणाले, “भिंगात दोष नाही.”

“दोष नाहीच आहे, बाबा. तीच तर पंचाईत आहे.”

“मी येतो,” म्हणून त्यांनी फोन ठेवला.

अर्ध्या तासात काका आले. इस्त्रीचा शर्ट, नखं अजून तांबूस, पाठोपाठ आई. आईच्या हातात एक पिशवी होती. काका गोदामाच्या दारात क्षणभर थांबले. एवढं उंच छत, एवढा अंधार, आणि दूरवर त्या अंधारात एक गोल. ते सरळ त्या गोलाकडे चालत गेले आणि ठिपके बघून त्यांचे डोळे चमकले.

“बघ! बघ ही कडा!” त्यांनी दिवटीचा हात धरला. “प्रत्येक ठिपका मोजता येतोय. एक, दोन, तीन... अगं, पस्तीस फुटांवरून! कारखान्यातल्या त्या यंत्राला म्हणावं, हे करून दाखव!”

“खरं आहे काका,” संचालिकाबाई म्हणाल्या. “असं काम मी पाहिलं नाही. पण मला बदक बघायचंय हो.”

दिवटीला वाटलं, आता हे मागे वळणार आणि इथेही कुठेतरी झारी शोधणार. पण काका चौथऱ्याजवळ गेले, चष्मा कपाळावर सरकवून बदकावर वाकले. मानेपासून शेपटीपर्यंत त्यांनी ते पाहिलं. मग संचालिकाबाईंना विचारून गुडघ्यावर बसले आणि खालून पोटाकडे पाहू लागले. तिथे कुणाचीही नजर जाणार नव्हती. पण तिथलीही पिसं तितकीच बारीक होती, त्यांच्या कडाही तशाच घासून घेतलेल्या होत्या.

“पोटाखालीसुद्धा केलंय त्याने,” ते हळूच म्हणाले. “कोण बघणार होतं?” मग गुडघ्यावर हात टेकत उठले. “दिवटे, या माणसाचं काम दिसतच नाहीये. माझंच दिसतंय सगळं.”

“बाबा...”

“काढ ते खाली. पाणी कुठे आहे इथे?”

“बारीक पूड आणलीये मी,” आई म्हणाली आणि तिने पिशवी वर केली. “आणि ती काचेची तबकडी, आणि फडकी. मला वाटलंच होतं लागेल.”

काका तिच्याकडे बघत राहिले. “तुला कसं वाटलं?”

“फोन ठेवल्यावर तुम्ही शर्टाला इस्त्री करत होतात तेव्हा म्हटलं, चिडलेला माणूस इस्त्री करत नाही.”

मग तिकीटखिडकीच्या मागच्या रिकाम्या खोलीत, हात धुवायच्या बेसिनपाशी काम सुरू झालं. काकांनी काचेच्या तबकडीवर सगळ्यात बारीक पूड चिमूटभर टाकली, पाण्याचा थेंब सोडला आणि भिंगाची सपाट बाजू तिच्यावर ठेवली. पण हात हलेना. एकेचाळीस वर्षं ज्या हाताने काचेवरचं धुकं काढलं होतं, त्याला धुकं आणायला सांगायचं होतं. दिवटीने मान वळवली. तिला ते बघवेना.

“मोजू का?” आईने विचारलं.

“मोज,” काका म्हणाले.

आईने एक म्हटलं आणि हात हलला. पंचवीस फेरे झाले. काच धुतली, पुसली. मागची बाजू दुधासारखी झाली होती. जिराफ शिडीवर चढला. बटण दाबलं तर ठिपके गेले होते, पण झोतही फिसकटून दालनभर पसरला होता.

“जास्त झालं,” काका म्हणाले. आता त्यांच्या आवाजात वेगळाच जोर होता. “आता थोडं पॉलिश परत आणू. अर्धं धुकं ठेवायचं, अर्धं काढायचं. हे मी कधी केलेलं नाही हं! गंमत आहे!”

राळेची उशीही आईच्या पिशवीत होती. शंभर फेरे, धुणं, पुसणं, शिडी. अजून पसरट. पुन्हा शंभर. पुन्हा शिडी. जिराफ सहाव्यांदा चढला तेव्हा म्हणाला, “काका, माझी मान जिराफाची असेल, पण पाय माणसाचे आहेत.” आईने त्याला खाली बसवून चहा पाजला. तोवर संचालिकाबाई बाह्या सरसावून पुढे आल्या आणि म्हणाल्या, आता मी मोजते. त्यांना ती आकड्यांची चाल काही जमली नाही. काकांनी त्यांना दोनदा थांबवलं आणि शेवटी आईच पुन्हा बसली.

आठव्या वेळी जिराफाने बटण दाबलं.

अंधारात एक बदक बसलं होतं. उजेड त्याच्यावर पडलाय असं वाटत नव्हतं. ते नुसतं दिसत होतं. मानेवरची पिसं चपटी, पाठीवरची फुगीर, पंखाच्या टोकाशी एकावर एक सरकलेली. प्रत्येक पिसाच्या मागे केसाएवढी सावली. वळवलेल्या मानेतून ते कुणाची तरी चाहूल लागल्यासारखं बघत होतं. चौथऱ्याची कडा अंधारात हळूच विरून गेली होती, जिथे संपायचं तिथे आपोआप संपल्यासारखी.

“हां,” काका म्हणाले. तेवढंच.

दिवटीने त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं. तिच्या नव्या शर्टावर त्यांच्या हाताचा तांबूस डाग पडला आणि तो नंतर कधीच गेला नाही. संचालिकाबाई जोरात नाक शिंकरत म्हणाल्या की गोदामात धूळ फार आहे.

त्या संध्याकाळी घरी गेल्यावर काकांनी टेलिफोनच्या टेबलाचा खण उपसला आणि एक जुनी वही शोधून काढली. मग एकामागून एक चार फोन केले. सहा वर्षांत ते कारखान्यातल्या कुणाशी चकार शब्द बोलले नव्हते. प्रत्येक फोनला ते आधी खाकरायचे, मग एकदम म्हणायचे, “अरे मी बोलतोय. जिवंत आहेस ना? मग उद्या एक बदक बघायला ये.”

शनिवारी चौघंही आले. एक मिशीवाले, एक जाडे, एक जरा कमी ऐकू येणारे, आणि एक बाई, ज्यांना कारखान्यात सगळे बारकी म्हणत कारण सूक्ष्मदर्शकाची सगळ्यात बारीक भिंगं त्यांच्याकडे जायची. पाचही जणांची तारांबळ उडाली. हात मिळवायचे की पाठ थोपटायची, हे कुणालाच सुचेना. शेवटी मिशीवाल्यांनी काकांच्या पोटात गुद्दा मारला आणि सगळं सुरळीत झालं.

उद्घाटनाला बरीच गर्दी होती. लोक दालनात शिरले, अंधाराला डोळे सरावल्यावर बदकाभोवती गोळा झाले आणि त्यांचे आवाज आपोआप खाली आले. एक बाई आपल्या लेकीला उचलून पिसं मोजायला लावत होती. दिवंगत सुताराचा धाकटा भाऊ आला होता, काठी टेकत. तो म्हणाला, “कितीतरी वर्षं आमच्या घरात कपाटावर होतं, पण एवढं आम्ही कधी पाहिलं नाही.” आणि मग त्याने काठी बगलेत धरली आणि दोन्ही हातांनी काकांचा हात धरला.

पण काकांचे चार सोबती बदकाकडे बघतच नव्हते. ते माना मागे टाकून छताकडे बघत होते.

“मागून किती फेरे घेतलेस?” बारकीने विचारलं.

“पंचवीस. मग पॉलिशचे सातशे.”

“मी वीसच घेतले असते.”

“वीसमध्ये ठिपके राहिले असते!”

“काय राहिलं?” कमी ऐकू येणाऱ्यांनी विचारलं.

“ठिपके!” तिघं एकदम ओरडले. सगळं दालन वळून बघू लागलं. हे पाच म्हातारे छताकडे बोटं करून तावातावाने भांडतायत म्हणजे वर काहीतरी असणार, असं वाटून हळूहळू सगळीच गर्दी माना वर करून छताकडे पाहू लागली. जिराफ शिडीपाशी उभा होता. त्याने सगळ्यांना वाकून नमस्कार केला.

संचालिकाबाई दिवटीला कोपऱ्यात घेऊन गेल्या. पुढचं प्रदर्शन घड्याळजींच्या कामाचं होतं, सगळ्या वस्तू बोटाएवढ्या, आणि दालन हेच, रूळ हाच. असे आणखी सहा झोत लागतील, म्हणाल्या. काका करतील का? तिकीटखिडकीच्या मागची खोली तशीही रिकामी आहे, बेसिन आहे, खिडकी आहे.

दिवटीने जाऊन बाबांना विचारलं. काकांनी चौघांकडे पाहिलं. चौघंही अचानक आपापल्या नखांकडे बघू लागले.

“सहा भिंगं,” काका म्हणाले. “एकट्याने करायची तर दोन महिने. पाच जण बसलो तर तीन आठवडे. पण बारकीला पॉलिशला बसवायचं नाही. ती घाई करते.”

“मी घाई करते? मी?”

“आणि फेरे मोजायला?” दिवटीने विचारलं.

आई शेजारीच उभी होती. तिने पदर सारखा केला आणि म्हणाली, “माझी वेळ सकाळी दहा ते एक. दुपारी मी झोपते. आणि ते राखाडी पाणी ज्याचं त्याने पुसायचं, हे आत्ताच सांगून ठेवते.”

सोमवारी दहा वाजता तिकीटखिडकीच्या मागच्या खोलीतून आकडे ऐकू येऊ लागले. प्रदर्शन बघायला आलेल्यांना वाटे, आत कुणी गाण्याचा सराव करतंय. काहीजण दारात थांबून थोडा वेळ ऐकत आणि मग बदक बघायला आत जात.